साइडपॉडवर फुटलेलं खापर: मर्सिडीज डब्ल्यू१३ चा प्रकरण अभ्यास

१० मार्च २०२२ रोजी बहारीनच्या साखीर सर्किटवर मोसमापूर्वीच्या चाचण्यांचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि मर्सिडीजची फॉर्म्युला वन गाडी डब्ल्यू१३ पिटमधून बाहेर पडली. दोनच आठवड्यांपूर्वी बार्सिलोनात हीच गाडी चारचौघींसारखी दिसत होती. आता तिच्या दोन्ही बाजूंचे साइडपॉड जवळजवळ नाहीसे झाले होते. ड्रायव्हरच्या डाव्या-उजव्या बाजूला रेडिएटर झाकणारे जे फुगीर भाग असतात, त्यांच्या जागी इंजिनाला चिकटून गेलेली एक अरुंद भिंत होती आणि हवा आत घेण्यासाठी एक उभी, चिंचोळी फट. बाजूच्या धडकेपासून संरक्षण देणारा सांगाडा या भिंतीतून वेगळा बाहेर आला होता. त्याच्यावर पंखासारखं आवरण चढवून आरसा बसवला होता. त्या दिवसापासून या रचनेला सगळे 'झिरो-पॉड' म्हणू लागले.

हा संघ कोणी ऐरागैरा नव्हता. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षं कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे संघांचं, विजेतेपद त्यांच्याकडे होतं. म्हणून पहिली प्रतिक्रिया धास्तीची होती: यांनी पुन्हा काहीतरी शोधून काढलंय, आता बाकीच्यांचं काही खरं नाही. मोसम संपला तेव्हा २२ शर्यतींपैकी रेड बुलने १७ जिंकल्या होत्या, फेरारीने ४ आणि मर्सिडीजने १. मग त्याच साइडपॉडवर सगळं खापर फुटलं.

माझ्या मते ते खापर चुकीच्या जागी फुटलं. साइडपॉड डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची चर्चा झाली. खरा निर्णय गाडीच्या पोटाखाली घेतला गेला होता, जमिनीपासून काही मिलिमीटरांवर. गाडी किती खाली धावेल, हा तो निर्णय. साइडपॉडसकट बाकी सगळं त्या एका अपेक्षेवर उभं होतं.

नियम काय बदलले होते

२०२१ पर्यंतच्या फॉर्म्युला वन गाड्या डाउनफोर्ससाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रस्त्याला घट्ट धरून राहण्यासाठी, पुढच्या-मागच्या पंखांवर आणि बाजूच्या असंख्य नाजूक पात्यांवर फार अवलंबून होत्या. या गाड्या मागे इतकी विस्कटलेली हवा सोडत की पाठलाग करणाऱ्याची पकडच जायची. फॉर्म्युला वनच्या स्वतःच्या आकड्यांनुसार २० मीटर मागे असलेली गाडी आपला ३५ टक्के डाउनफोर्स गमावत होती. १० मीटरवर तर जवळपास निम्मा. नव्या नियमांत हे प्रमाण अनुक्रमे ४ आणि १८ टक्क्यांवर आणायचं उद्दिष्ट होतं. त्यासाठी डाउनफोर्सचा मोठा वाटा गाडीच्या तळाकडे सोपवण्यात आला. तळाखाली पुढून मागे जाणारे दोन लांब वेंचुरी बोगदे परत आले. हेच नियम आधी २०२१ साठी होते. करोनामुळे ते वर्षभर पुढे गेले.

'परत आले' म्हणण्याचं कारण असं की ही कल्पना लोटसची. १९७७ ची लोटस ७८ आणि तिच्यामागून आलेली ७९ या गाड्यांनी तळाखालच्या हवेचा असा वापर करून दाखवला आणि १९७८ चं विजेतेपद मारियो आंद्रेत्तीने लोटसमधूनच मिळवलं. पुढच्याच वर्षी लोटसने त्याच कल्पनेचा कडेलोट केला. लोटस ८० मध्ये आणखी डाउनफोर्स, आणखी तळ. ती गाडी वेगात वर-खाली उसळू लागली आणि थोड्याच शर्यतींनंतर गुंडाळावी लागली. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला आणि तो प्रश्न नियमांसोबतच संपला. २०२२ मध्ये रेखाटनाच्या टेबलांवर बसलेल्या बहुतेक अभियंत्यांनी हे उसळणं प्रत्यक्ष कधी हाताळलेलं नव्हतं. तेव्हा रेड बुलमध्ये असलेले एड्रियन न्यूई हा ठळक अपवाद. त्यांचा विद्यापीठातला प्रबंधच ग्राउंड इफेक्टवर, म्हणजे तळाखालच्या हवेने गाडी खाली ओढण्याच्या याच तंत्रावर होता.

तळाखाली नेमकं काय घडतं

बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याचा वेग वाढतो. गाडीखालच्या बोगद्यातही सर्वांत अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. वरच्या हवेचा दाब तसाच असल्यामुळे गाडी खाली ओढली जाते. हे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. गाडी जितकी खाली, तितकी वाट अरुंद आणि तितकी ओढ जास्त.

अडचण पुढे आहे. सरळ रस्त्यावर वेग वाढतो, ओढ वाढते, स्प्रिंग आणि टायर दबतात, गाडी आणखी खाली जाते, म्हणून ओढ आणखी वाढते. एका मर्यादेनंतर फट इतकी लहान होते की तिच्यातून हवा नीट वाहूच शकत नाही. तळाच्या पृष्ठभागालगतची मंदावलेली हवाच सगळी जागा अडवते, प्रवाह तुटतो आणि ओढ एकदम नाहीशी होते. दबलेल्या स्प्रिंग गाडीला वर फेकतात. वर आल्याबरोबर प्रवाह पुन्हा जोडला जातो, ओढ परत येते, गाडी पुन्हा खाली. हे चक्र सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा फिरतं. यालाच पॉर्पॉइझिंग म्हणतात.

एरवी सस्पेन्शनमध्ये यावर उतारा सापडला असता. पण त्याच नियमांनी सस्पेन्शनमधले, हालचाल शांत करणारे इनर्टर आणि हायड्रॉलिक घटक बंद केले होते. कंपन शोषणारे मास डॅम्पर तर २००६ पासूनच बेकायदा होते. त्यात टायर १३ इंचांच्या रिमवरून १८ इंचांवर गेले. त्यांची बाजूची भिंत बुटकी आणि ताठ झाली, त्यामुळे आधी टायरमध्ये जिरणारी हालचाल आता जिरेना. म्हणजे तळाला जास्त काम दिलं आणि तळाला स्थिर ठेवणारी साधनं काढून घेतली. नियम करणाऱ्यांनी या दोन गोष्टींचा एकत्र विचार पुरेसा केला नव्हता, असं मला ठामपणे वाटतं. बार्सिलोनाच्या पहिल्या चाचणीत कमी-अधिक प्रमाणात बहुतेक संघांच्या गाड्या उसळत होत्या, यातच सगळं आलं.

मर्सिडीजने काय निवडलं आणि का

संघाच्या आकडेमोडीत दिसत होतं की गाडी अगदी जमिनीलगत धावली तर प्रचंड डाउनफोर्स मिळतो. त्यांनी गाडी त्याच पट्ट्यासाठी घडवली. साइडपॉड आकसून घेण्यामागे तर्क सरळ होता: रेडिएटरांची मांडणी बदलून गाडीचं अंग शक्य तितकं बारीक केलं की मागच्या भागाकडे, डिफ्यूझरच्या (तळाच्या मागच्या, वर चढत जाणाऱ्या टोकाच्या) वर, स्वच्छ हवा जास्त पोहोचते आणि तळाची ओढ वाढते. त्यासाठी आतली सगळी मांडणी मिलिमीटर मोजून करावी लागते. कारागिरी म्हणून ते काम अव्वल होतं आणि ते नियमबाह्यही नव्हतं.

पण रुंद साइडपॉड फक्त रेडिएटर झाकत नाही. पुढचं चाक फिरताना मागे मळलेल्या हवेचा मोठा झोत सोडतं. रुंद साइडपॉड तो झोत बाहेर ढकलतो, तळापासून लांब ठेवतो. फेरारीच्या एफ१-७५ चे घमेल्यासारखे खोलगट साइडपॉड आणि रेड बुलच्या आरबी१८ चे खालून कोरलेले, मागे उतरत जाणारे साइडपॉड दिसायला अगदी वेगळे होते, तरी हे काम दोघेही करत होते. मर्सिडीजला तो झोत इतर मार्गांनी आवरायचा होता. शिवाय साइडपॉड नसल्यामुळे तळाचा मोठा पत्रा दोन्ही बाजूंना आधाराशिवाय उघडा राहिला. इतकी रुंद कड ताशी ३०० किलोमीटरला थरथरली की बोगद्याच्या कडेची फट क्षणोक्षणी बदलते, आणि ग्राउंड इफेक्टमध्ये कडेची फट म्हणजे सर्वस्व. हंगामापूर्वीच नियामक संस्थेने, एफआयएने, तळाला धातूच्या ताणपट्ट्या लावायची परवानगी दिली. त्या पट्ट्या पुढे डब्ल्यू१३ वर उघड दिसत होत्या.

मग हे आधी का कळलं नाही? याचं उत्तर चाचणीच्या साधनांत आहे. विंड टनेलमधलं, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यातलं, मॉडेल प्रत्यक्ष गाडीच्या ६० टक्के आकाराचं असतं आणि हवेचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, याच्या वर नेता येत नाही. उसळणं सुरू होतं त्याच्या पुष्कळ पुढच्या वेगाला. मॉडेल एका दांड्यावर घट्ट धरलेलं असतं, खाली सरकता पट्टा असतो. तिथे स्प्रिंग दबत नाहीत, टायर खऱ्यासारखे चेपत नाहीत, तळाची कड खऱ्यासारखी वाकत नाही. एका ठरावीक उंचीवर ओढ किती, हे टनेल उत्तम सांगतो. त्या उंचीवर गाडी टिकेल का, हे तो सांगत नाही. कॉम्प्युटरवरची प्रवाहाची गणितंही बहुतांशी स्थिर स्थितीची.

यात आणखी एक गाठ होती. विजेत्या संघाला चाचण्यांचा सर्वांत कमी वाटा मिळावा, असा नियम आहे. २०२२ मध्ये गतविजेत्या मर्सिडीजला आधारभूत प्रमाणाच्या ७० टक्के, तर तळाच्या संघाला ११५ टक्के. आठ आठवड्यांच्या एका कालखंडात पूर्ण वाटा ३२० टनेल-फेऱ्यांचा, म्हणजे मर्सिडीजच्या हातात २२४. खर्चाची मूळ मर्यादा वर्षाला १४ कोटी डॉलर. पूर्वीचा मर्सिडीज संघ अशा संकटात दोन वेगळे तळ, दोन वेगळे साइडपॉड बनवून शेजारी शेजारी पळवून बघू शकला असता. आता एका वाटेवर गेलं की माघारी फिरायचा खर्च परवडत नव्हता.

मोसम

पहिल्या शर्यतीत मर्सिडीजच्या दोन ड्रायव्हरांपैकी लुईस हॅमिल्टन तिसरा आणि जॉर्ज रसेल चौथा आला, कारण दोन्ही रेड बुल शेवटच्या फेऱ्यांत बंद पडल्या. सौदीत हॅमिल्टन क्वालिफाइंगच्या, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीच्या, पहिल्याच टप्प्यात बाद झाला. इमोलात दोघांपैकी एकही शेवटच्या टप्प्यात पोहोचला नाही आणि शर्यतीत हॅमिल्टन तेरावा आला. ही गाडी चालवण्याजोगी नाही, असं म्हणत संघप्रमुख टोटो वोल्फ यांनी रेडिओवरच त्याची माफी मागितली.

गाडीची अवस्था अशी होती: खाली ठेवली तर उसळते, वर उचलली तर डाउनफोर्स जातो. गेलेला डाउनफोर्स भरून काढायला मोठा मागचा पंख लावला तर हवेचा अडथळा वाढतो आणि सरळ रस्त्यावर गाडी मार खाते. उसळी दाबायला स्प्रिंग ताठ केल्या तर कर्बवरून (वळणांच्या कडेच्या उंचवट्यांवरून) आणि खडबडीत रस्त्यावरून जाताना गाडी दगडासारखी आपटते. प्रत्येक उपायाची किंमत दुसरीकडे मोजावी लागत होती. बाकीचे संघ फेरी किती सेकंदांनी कमी होईल ते शोधत असताना हे लोक गाडी मुळात कुठल्या पट्ट्यात शांत धावते ते शोधत होते. शुक्रवारच्या सरावात गाड्यांवर वेगवेगळे प्रयोग व्हायचे. कॅनडात तर हॅमिल्टनच्या गाडीचा तळ कापून बघितला गेला.

स्पेनमध्ये मे महिन्यात सुधारलेला तळ आला आणि मूळ पॉर्पॉइझिंग बऱ्यापैकी आटोक्यात आलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि इथेच दुसरा प्रश्न उघडा पडला. हवेमुळे होणारी उसळी कमी झाली, पण गाडी अजूनही अतिशय खाली आणि अतिशय ताठ धावत होती. त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक उंचवटा थेट ड्रायव्हरच्या मणक्यात जात होता. १२ जूनला बाकूच्या लांबलचक सरळ रस्त्यावर हे जगाने पाहिलं. रसेल तिसरा, हॅमिल्टन चौथा, म्हणजे निकाल चांगलाच. पण शर्यतीनंतर हॅमिल्टन पाठ धरून कसाबसा गाडीबाहेर आला.

कॅनडाच्या शर्यतीआधी एफआयएने तांत्रिक निर्देश काढला. गाडीला बसणाऱ्या उभ्या हादऱ्यांचं मोजमाप ठरलं आणि ऑगस्टच्या अखेरीस बेल्जियमपासून त्याची मर्यादा लागू झाली. मर्सिडीजने स्वतःच्या फायद्यासाठी सुरक्षेचा मुद्दा पुढे केला, अशी टीका तेव्हा झाली. मला ती पटत नाही. उसळणाऱ्या गाडीला वर उचलणं संघाच्या हातात असतं हे खरं, पण त्यासाठी वेग सोडावा लागतो, आणि वेग सोडायला कोणताही संघ आपणहून तयार होत नाही. ड्रायव्हरची पाठ त्या हिशेबात कुठेच नव्हती. म्हणूनच मर्यादा बाहेरून यायला हवी होती. २०२३ पासून तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर घेण्याचाही नियम झाला.

दरम्यान गाडीचा स्वभाव किती लहरी होता ते पाहा. ३० जुलैला हंगेरीत रसेलने पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली. चार आठवड्यांनी बेल्जियममध्ये स्पा इथे क्वालिफाइंगमध्ये हॅमिल्टन रेड बुलच्या मॅक्स वर्स्टॅपेनपेक्षा तब्बल १.८ सेकंदांनी मागे होता. तीच गाडी, तेच ड्रायव्हर. हंगेरी वळणावळणाचा, बऱ्यापैकी गुळगुळीत ट्रॅक. स्पा चढउतारांचा, ओ रूजच्या खोलगट भागात गाडीला जमिनीत दाबणारा. तिथे गाडी वर उचलावी लागते, आणि उचललेल्या डब्ल्यू१३ मध्ये जीव नव्हता.

फसवा विजय

ऑक्टोबरमध्ये ऑस्टिनला शेवटची मोठी सुधारणा आली. तिथे आणि पाठोपाठ मेक्सिकोत हॅमिल्टन दुसरा. १३ नोव्हेंबरला ब्राझीलमध्ये रसेलने आदल्या दिवशीच्या स्प्रिंटपाठोपाठ (छोट्या शर्यतीपाठोपाठ) मुख्य शर्यतही जिंकली आणि हॅमिल्टन दुसरा आला. रसेलचा हा पहिलाच विजय. संघात अश्रू होते आणि ते रास्तही होते.

या प्रकरणातला सर्वांत महागडा क्षण मात्र मला हाच वाटतो. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२०० मीटरांहून उंच आहे, इंटरलागोस साधारण ८०० मीटर. विरळ हवेत मोठ्या पंखाचा अडथळा कमी जाचतो, म्हणजे डब्ल्यू१३ चा एक मोठा दोष तिथे आपोआप झाकला जातो. शिवाय ब्राझीलमध्ये स्प्रिंटचा आठवडा असल्याने एकाच सरावानंतर सगळ्यांच्या गाड्यांची मांडणी गोठली आणि रेड बुलचा अंदाज चुकला. संघाला मात्र त्या निकालातून असं वाचता आलं की कल्पना बरोबर आहे, फक्त रोग बरा व्हायला वेळ लागला. मोसमअखेर गुण होते रेड बुल ७५९, फेरारी ५५४, मर्सिडीज ५१५. हॅमिल्टनच्या कारकिर्दीतला एकही विजय नसलेला हा पहिला मोसम.

फेब्रुवारी २०२३ मध्ये डब्ल्यू१४ आली ती त्याच अरुंद अंगाची. बहारीनच्या पहिल्याच क्वालिफाइंगनंतर वोल्फ यांनी ही दिशा सोडावी लागेल हे उघडपणे सांगितलं. त्या शर्यतीत घडलं ते कुठल्याही अहवालापेक्षा बोलकं होतं. अ‍ॅस्टन मार्टिनचा फर्नांडो अलोन्सो तिसरा आला. त्या गाडीत इंजिन मर्सिडीजचं, गिअरबॉक्स मर्सिडीजचा, आणि तिचं मॉडेल तपासलं गेलं होतं मर्सिडीजचं मुख्यालय असलेल्या इंग्लंडमधल्या ब्रॅकलीत, मर्सिडीजच्याच विंड टनेलमध्ये. वेगळं होतं ते अंगाचं आणि तळाचं रूप. हॅमिल्टन पाचवा, रसेल सातवा, आणि दोघांच्या मध्ये दुसरी अ‍ॅस्टन मार्टिन, लान्स स्ट्रोलची.

एप्रिलमध्ये जेम्स अ‍ॅलिसन पुन्हा तांत्रिक संचालकपदावर आले आणि माइक एलियट यांनी त्यांच्या जागी मुख्य तंत्र अधिकारीपद घेतलं. एलियट यांनी त्याच वर्षी संघ सोडला. इमोलाची शर्यत पुरामुळे रद्द झाल्याने नवी रचना मे अखेरीस मोनॅकोत रस्त्यावर उतरली: रुंद साइडपॉड, नवा तळ, नवं पुढचं सस्पेन्शन. पुढच्याच आठवड्यात स्पेनमध्ये हॅमिल्टन दुसरा, रसेल तिसरा.

साइडपॉडच दोषी असता तर गोष्ट इथे संपायला हवी होती. ती संपली नाही. रुंद साइडपॉड लावूनही २०२३ मध्ये मर्सिडीजला एकही शर्यत जिंकता आली नाही. हंगेरीत हॅमिल्टनची एक पोल पोझिशन, आणि फेरारीच्या ४०६ समोर ४०९ गुण मिळवून दुसरं स्थान, एवढंच पदरात पडलं. मागचा भाग अचानक सुटतो ही दोन्ही ड्रायव्हरांची तक्रार कायम होती. आपण पुढच्या चाकांच्या फार जवळ बसतो, त्यामुळे गाडी सुटतेय हे उशिरा कळतं, असं हॅमिल्टन सांगत होता. ड्रायव्हरची जागा, चॅसिस, गिअरबॉक्स या गोष्टी मोसमाच्या मध्यात, खर्चाच्या मर्यादेत बदलता येत नाहीत.

ती जागा २०२४ च्या डब्ल्यू१५ मध्ये मागे सरकली, पण त्या गाडीचीही सुरुवात अडखळतच झाली. मोनॅकोला नवा पुढचा पंख आल्यावर वळणाच्या सुरुवातीला आणि शेवटी गाडीचा तोल सारखा राहू लागला. कॅनडात रसेलची पोल, ऑस्ट्रियात रसेलचा विजय, आणि ७ जुलै २०२४ ला सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टनचा, आधीच्या विजयानंतर ९४५ दिवसांनी. ज्या गाडीने हे केलं तिच्या तळाचा सर्वाधिक डाउनफोर्स कागदावर डब्ल्यू१३ च्या त्या स्वप्नवत आकड्याहून जास्त होता की कमी, हा प्रश्न ब्रॅकलीबाहेर कोणी विचारलासुद्धा नाही. ती जवळजवळ सगळ्या वेगांना आणि बऱ्याच उंचींवर सारखी वागत होती, आणि ड्रायव्हर तिच्यावर भरवसा ठेवून ब्रेक उशिरा दाबू लागले होते.